धनुर्वात, गांजा आणि कलकत्त्याचा एक डॉक्टर

शाळेच्या मैदानावर कोणाचा गुडघा फुटला की मुलांना पहिल्यांदा आठवते ते धनुर्वाताचे इंजेक्शन. सुईची भीती सगळ्यांनाच असते. ती ज्या रोगासाठी टोचतात तो रोग मात्र वर्गातल्या एकानेही पाहिलेला नसतो, आणि शिक्षकांपैकीही फार थोड्यांनी पाहिला असेल. ही लशीची कृपा. पण लस नव्हती आणि या रोगाला जंतू कारणीभूत आहे हेही ठाऊक नव्हते, अशा काळी धनुर्वाताचा रुग्ण समोर आला की डॉक्टर अफू देत, रक्त काढत आणि वाट पाहत. त्याच काळात कलकत्त्यातल्या एका डॉक्टरने अशा रुग्णांना गांजा देऊन पाहिला. त्याची हकिगत आम्ही येथे देत आहोत. ती सांगायला आणखी एक कारण आहे. गांजाचा विषय निघाला की 'आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते' असे एक जण म्हणतो आणि 'ते निव्वळ विष आहे' असे दुसरा म्हणतो. रुग्णाला नेमके काय झाले, हे दोघेही विचारीत नाहीत.

आधी धनुर्वाताबद्दल थोडेसे. विज्ञानाच्या पुस्तकात दंडाचे चित्र असते. कोपर वाकवताना पुढचा स्नायू आकुंचन पावतो आणि मागचा सैल पडतो. हे सैल पडणे आपोआप होत नाही. मेरुरज्जूतील काही चेतापेशी 'आता थांब' असा निरोप देतात, म्हणून ते होते. धनुर्वाताच्या जंतूचे विष नेमका हा थांबण्याचा निरोप अडवते. मग पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्नायू एकाच वेळी आखडतात. प्रथम दातखिळी बसते, मग मान ताठ होते, आणि शेवटी पाठ धनुष्यासारखी वाकते. दार वाजले किंवा कोणाचा हात लागला तरी नवा झटका येतो. या सगळ्या वेळात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, ही यातली सर्वांत क्रूर गोष्ट.

आता त्या डॉक्टरकडे वळू. विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी हा आयर्लंडमधील लिमरिकचा. वैद्यकीचे शिक्षण त्याने एडिंबरो येथे घेतले. १८३१ साली इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा त्याने रुग्णांचे रक्त तपासून त्यातले पाणी आणि क्षार घटल्याचे दाखवून दिले. ते परत भरून काढावेत, ही सूचनाही त्याचीच. पुढच्याच वर्षी टॉमस लाटा या डॉक्टरने रुग्णांच्या शिरेतून क्षारांचे पाणी देऊन ती अमलात आणली. आज दवाखान्यात सलाइनची बाटली टांगतात, तिचा उगम येथे आहे. हे सांगायचे कारण एवढेच की हा माणूस भोंदू नव्हता. मोजमाप करणारा रसायनज्ञ होता. १८३३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १८३५ मध्ये निघालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र व औषधीविद्या शिकवू लागला.

गांजा, भांग आणि चरस येथे नवे नव्हते. 'शार्ङ्गधरसंहिते'त भांगेचा उल्लेख आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात भांगेवर एक प्रकरण लिहिले आणि तिने येणारी मौज, भूक व झोप यांचे वर्णन केले. ओ'शॉनेसीनेही सुरुवात जुन्या ग्रंथांपासूनच केली. संस्कृत ग्रंथांतील माहिती त्याला पंडित मधुसूदन गुप्त आणि कमलाकांत विद्यालंकार यांनी काढून दिली, तर फारसी आणि अरबी ग्रंथांसाठी त्याने तेथील जाणकार मुसलमान विद्वानांची मदत घेतली. मधुसूदन गुप्त म्हणजे १८३६ साली त्याच कॉलेजात शवविच्छेदन करून खळबळ उडवून देणारे वैद्य. ओ'शॉनेसीने आपल्या निबंधात या सर्वांची नावे दिली आहेत. त्याने गांजाचा 'शोध लावला' असे लिहिणारे पुढचे लेखक ती नावे गाळतात, हा त्याचा दोष नव्हे.

ग्रंथ वाचून तो थांबला नाही. गांजाचे शेंडे मद्यार्कात उकळून त्याने राळ काढली आणि प्रथम ती जनावरांना दिली. मध्यम आकाराच्या एका कुत्र्याला दहा ग्रेन नेपाळी चरस दिला. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) अर्ध्या तासात कुत्रे पेंगू लागले. मधेच दचकून उठावे, शेपटी हलवावी, खाणे अधाशासारखे खावे आणि हाक मारली की झोकांड्या खात यावे, असे चालले. सहा तासांनी ते पुन्हा ठणठणीत झाले. मांजर, डुक्कर, गिधाड, कावळा आणि मासे यांनाही नशा चढली. घोडा, हरिण, शेळी, गाय यांच्यावर मात्र फारसा परिणाम दिसला नाही.

मग माणसांची पाळी आली. ६ नोव्हेंबर १८३८ रोजी दुपारी दोन वाजता संधिवाताच्या तीन रुग्णांना एकेक ग्रेन राळ दिली. चार वाजता त्यांतला एक बडबडू लागला, गाणी म्हणू लागला, जास्तीचे जेवण मागू लागला आणि आपण पूर्ण बरे झालो असे सांगू लागला. सहा वाजता त्याला झोप लागली. आठ वाजता तो हाकेला ओ देईना. ओ'शॉनेसी धावत आला. नाडी आणि श्वास ठीक होते, पण हात वर उचलून ठेवला तर तो तसाच राहायचा. मेणाच्या बाहुलीसारखी अवस्था. काही तासांत रुग्ण शुद्धीवर आला, पण डॉक्टर चांगलाच घाबरला होता. पुढे त्याने मात्रा कमी केली. अर्धा ग्रेन दिलेल्या एका म्हाताऱ्या हमालाने सगळ्या वॉर्डाला गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, दोघांचे जेवण फस्त केले, आणि दुसऱ्या दिवशी तेच औषध पुन्हा मिळावे म्हणून विनवण्या केल्या. त्याचा संधिवात खरा नसावा, असा डॉक्टरला आधीपासूनच संशय होता. वाचताना हसू येते. पण येथेच एक अडचण उभी राहते. माणूस मजेत असला की दुखणे कमी झाले असे सांगतो. मग स्नायूचे दुखणे गेले की दुखण्याची पर्वा गेली?

धनुर्वातात हा प्रश्न वेगळ्या प्रकारे तपासता येतो, कारण आखडलेली पाठ आणि बसलेली दातखिळी बघणाऱ्यालाही दिसते. डिसेंबर १८३८ मध्ये सुमारे तीस वर्षांचा एक माणूस कॉलेजच्या रुग्णालयात आला. जुन्या आमांशावर उपाय म्हणून एका गावठी वैदूने कोळसा आणि तंबाखू यांचा जळता गुल त्याच्या मनगटावर ठेवून डाग दिला होता. (डाग देण्याची ही रीत आपल्या मेळघाटातही चालत आली आहे.) त्याच दिवशी त्याच्या भावालाही तसाच डाग दिला होता. दोघांच्या जखमा सडल्या. भाऊ रुग्णालयात यायला तयार नव्हता. धनुर्वात होऊन तो घरीच मेला. रुग्णालयातल्या भावालाही झटके सुरू झाले, तेव्हा ओ'शॉनेसीने त्याला दर तीन तासांनी दोन ग्रेन राळ देण्यास सुरुवात केली. रुग्ण गुंगीत गेला, झटके विरळ झाले, तो गिळू लागला आणि काही दिवसांत धनुर्वाताची लक्षणे ओसरली. हाताची जखम मात्र तशीच सडत राहिली.

एक भाऊ औषधाविना गेला आणि दुसऱ्याचा धनुर्वात औषधाने गेला, अशी तुलना मनाला लगेच पटते. ती पुरेशी आहे का? धनुर्वाताचे काही रुग्ण कोणत्याही औषधाशिवाय वाचतात. दोन्ही भावांच्या शरीरात विष सारखेच गेले होते हे कशावरून? इतर डॉक्टरांनीही आपल्या रुग्णांना गांजा दिला. काही वाचले, काही दगावले. ज्यांना दिला नाही अशा रुग्णांची यादी शेजारी ठेवून तुलना करण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. आणखी एका रुग्णाची नोंद मात्र आम्हाला अधिक बोलकी वाटते. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या या माणसाला पाण्याच्या नुसत्या दर्शनाने आचके येत होते. राळ दिल्यावर तो संत्र्याचा रस चोखू शकला, भात गिळू शकला, आणि चार दिवसांनी मेला. रोग गेला नाही, फक्त छळ कमी झाला. ओ'शॉनेसीनेही दावा तेवढाच केला. आचके शमवणारे फार मोलाचे औषध हाती आले आहे, असे त्याने १८३९ साली बंगालच्या वैद्यक संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात सांगितले. रोग मुळातून जातो असे तो म्हणाला नाही.

१८४० नंतर तो रजेवर इंग्लंडला गेला, तेव्हा गांजा बरोबर नेला. लंडनच्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क तयार केला. पुढची पन्नास वर्षे युरोप आणि अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत असे अर्क मिळत. पण एका बाटलीने गुंगी यावी आणि दुसरीने काहीच होऊ नये, असा अनुभव वारंवार येई. कलकत्त्यात अर्ध्या ग्रेनने जे होई, त्यासाठी लंडनमध्ये कितीतरी अधिक अर्क लागे. झाड कोठले, माल किती जुना आणि त्यात गुणकारी द्रव्य किती, हे मोजण्याचे साधनच नव्हते. जे. रसेल रेनल्ड्स या नामांकित डॉक्टरने तीस वर्षांच्या अनुभवावर १८९० मध्ये लेख लिहिला; त्यातही मात्रा अगदी थोडीपासून सुरू करावी असा त्याचा आग्रह आहे. (त्याने व्हिक्टोरिया राणीला गांजा दिला ही कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते, तिला कागदोपत्री आधार नाही.) तोवर इंजेक्शनची सुई आली होती. मॉर्फीन पाण्यात विरघळते, म्हणून ते टोचता येई. गांजाची राळ पाण्यात विरघळत नाही. पुढे ॲस्पिरिन आले. १९३२ मध्ये ब्रिटिश आणि १९४२ मध्ये अमेरिकन औषधकोशातून गांजा वगळला गेला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला अत्यंत कडक यादीत टाकले. त्या यादीतून तो २०२० च्या डिसेंबरात, २७ विरुद्ध २५ मतांनी, बाहेर निघाला.

मधल्या काळात प्रयोगशाळेत न मोजता येणारे मोजता येऊ लागले. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातील नशा आणणारे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. ते टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. १९८८ मध्ये हे द्रव्य जेथे जाऊन बसते ते ग्राहक मेंदूत सापडले. आपल्या मेंदूत गांजासाठी कुलूप कशाला असेल? शरीर स्वतःच तशी किल्ली बनवीत असणार. ती १९९२ मध्ये मिळाली आणि तिचे नाव संस्कृत 'आनंद'वरून आनंदामाइड ठेवले गेले. हे ग्राहक चेतातंतूंच्या टोकांवर असतात आणि तेथून सुटणाऱ्या संदेशद्रव्याचे प्रमाण कमी करतात. बिघडलेला ब्रेक त्यामुळे दुरुस्त होत नाही. इंजिनाचा वेग तेवढा कमी होतो.

याचा उपयोग आज ज्या रोगात होतो तो धनुर्वात नव्हे, मल्टिपल स्क्लेरोसिस. यात चेतातंतूंवरचे आवरण झडते, मेंदूचा स्नायूंवरचा ताबा सुटतो, आणि पाय लाकडासारखे ताठ होऊन रात्री पेटके येतात. लंडनच्या डेव्हिड बेकर व सहकाऱ्यांनी २००० साली अशाच रोगाच्या उंदरांवर प्रयोग केले. गांजातील द्रव्याने ताठरपणा कमी झाला. ग्राहक बंद करणारे द्रव्य दिले, तेव्हा तो वाढला. म्हणजे शरीराचे स्वतःचे आनंदामाइड हे काम आधीपासूनच करीत होते.

माणसांवरची मोठी चाचणी २००३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. ३३ केंद्रांतील ६३० रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला गांजाचा अर्क, दुसऱ्याला शुद्ध टीएचसी आणि तिसऱ्याला औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या. तपासनीस रुग्णाचा पाय हाताने हलवून ताठरपणाला गुण देत. त्या गुणांत तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रुग्णांना विचारले, तेव्हा ताठरपणा कमी झाला असे सांगणारे अर्काच्या गटात ६१ टक्के, टीएचसीच्या गटात ६० टक्के आणि औषध नसलेल्या गटात ४६ टक्के निघाले.

हे आकडे वर्गात फळ्यावर जरूर लिहावेत. सर्वांत आधी ४६ कडे बघावे: जवळजवळ निम्म्या माणसांना काहीच न घेता बरे वाटले. ओ'शॉनेसीच्या वॉर्डात हा गट नव्हता. मग ४६ आणि ६१ मधल्या अंतराकडे बघावे. ते अंतर खरे आहे, पण ज्यांचे तोंड कोरडे पडले आणि डोके हलके झाले त्यांनी आपल्याला औषध मिळाल्याचे ओळखले असणार. उलट बाजूही आहे. रात्री दोन वाजता येणारा पेटका दिवसा तपासणीच्या टेबलावर पाय हलवून कसा सापडेल? आमचे मत विचाराल तर त्या पंधरा टक्क्यांत काहीतरी आहे, आणि ते फार मोठे नाही.

नंतर टीएचसी आणि नशा न आणणारे कॅनाबिडिऑल यांचा तोंडात मारायचा फवारा निघाला. त्याच्या एका फवाऱ्यात ही द्रव्ये अनुक्रमे २.७ आणि २.५ मिलिग्रॅम असतात. रस्त्यावरच्या पुडीत ती किती असतात ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून त्या पुडीला औषध म्हणता येत नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस बाळगणे हा गुन्हा आहे. वाढत्या वयात नियमित घेतल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, हे वरच्या वर्गातील मुलांना स्पष्ट सांगावे. मान किंवा कंबर यांच्या जुनाट दुखण्यावरही गांजाचा उपयोग होतो असे पुष्कळ जण सांगतात. परंतु वेदनांचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुराव्यांची छाननी करून त्याला पाठिंबा द्यायचे नाकारले.

ब्रिटनने हा फवारा २०१० मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसमधील ताठरपणासाठी मंजूर केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५७२ रुग्णांना तो चार आठवडे दिला, तेव्हा २७२ जणांचा त्रास निदान एक पंचमांशाने कमी झाला; बाकीच्यांचा झाला नाही. कोणाला लागू पडेल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून तेथील डॉक्टरांना २०१९ पासून अशी सूचना आहे की इतर औषधांनी गुण आला नसेल तर चार आठवडे देऊन पाहावे. रुग्णाने स्वतःच्या त्रासाला शून्य ते दहा गुण द्यावेत, आणि ते निदान वीस टक्क्यांनी उतरले नाहीत तर औषध बंद करावे.