बेचिराख : एका शब्दाची कुळकथा

‘बेचिराख’ हा शब्द आज आगीत किंवा बॉम्बफेकीत नष्ट झालेल्या शहरांसाठी सर्रास वापरला जात असला, तरी त्याच्या मूळ अर्थात आगीचा मागमूसही नाही. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा आणि ‘बे’ हा अभाव दाखवणारा उपसर्ग. तेव्हा ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लावायलाही माणूस उरला नाही ते बेचिराग, आणि मराठी उच्चारात बेचिराख. महसुली दप्तरात ही गावाची रीतसर वर्गवारी होती : नाव आणि शीव कायम, शेजारगावचे शेतकरी जमीनही कसतात, पण वस्ती नाही. विदर्भात अशा गावाला ‘रीठ’ म्हणतात. ‘ओस’ हा शब्दही वस्ती उठल्याचे सांगणाऱ्या संस्कृत ‘उद्वस’पासून आलेला आहे. इंग्रजीतील ‘डेसोलेट’च्या मुळाशी ‘एकटा’ या अर्थाचा लॅटिन ‘सोलस’ आहे, म्हणजे तेथे उजाडपणा एकटेपणातून व्यक्त होतो. मराठीतील हे शब्द मात्र वस्तीच्या हिशेबातून घडले.

या हिशेबाचा ठळक दाखला पुण्याचाच आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे कसबा जाळून उद्ध्वस्त केला आणि, बखरींतील हकिकतीनुसार, तेथे गाढवाचा नांगर फिरवून पहार रोवली. येथे पुन्हा कोणी वस्ती करू नये, हा त्या खुणेचा अर्थ. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळाने उरलासुरला मुलूखही ओस पाडला. पुढे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली कसबा पुन्हा वसवताना रयतेला कौल, म्हणजे अभयाचे वचन, आणि इस्तावा, म्हणजे आरंभी हलका ठेवून वर्षागणिक चढत जाणारा सारा, देण्यात आला. लाल महालही तेव्हाच उभा राहिला.

पुण्यासारखी जाळपोळ आणि पांगापांग अनेक गावांच्या वाट्याला एकदमच आली आणि शब्दाच्या शेवटी मराठी कानाला ‘राख’ ऐकू येत राहिली, त्यामुळे आजचा अर्थ रूढ होणे स्वाभाविकच होते. तो चुकीचा ठरवण्याचे कारण नाही. मात्र जुन्या कागदात ‘मौजे अमुक, बेचिराख’ अशी नोंद आढळल्यास वाचकाने तेथे आग लागली असे समजू नये, कारण त्या नोंदीचा अर्थ गावात वस्ती नाही एवढाच आहे.