बिट-खोली, ध्वनिमुद्रणातील

बिट-खोली, ध्वनिमुद्रणातील : अंकीय ध्वनिमुद्रणात संकेताच्या प्रत्येक नमुन्याचे मूल्य जितक्या द्विमान अंकांनी म्हणजे बिटांनी लिहिले जाते, त्या संख्येस बिट-खोली म्हणतात. एक बिट वाढला की मूल्यांच्या पायऱ्या दुप्पट होतात. ८ बिटांत २५६, तर १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. दोन पायऱ्यांच्या दरम्यान पडणारे मूल्य जवळच्या पायरीवर आणावे लागते. या क्रियेस पुंजीकरण म्हणतात. तीत राहणारी त्रुटी गोंगाट किंवा विकृती म्हणून ऐकू येते आणि प्रत्येक वाढीव बिटामागे ती सुमारे ६ डेसिबेलने कमी होते. म्हणजेच बिट-खोलीने मंद ध्वनीची मर्यादा ठरते. उच्च कंप्रतेची मर्यादा नमुने घेण्याच्या गतीने ठरते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळील वेरूळच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात कमानदार पाषाणछताखाली स्वर दीर्घकाळ घुमतो व हळूहळू विरतो. त्याचे मुद्रण केवळ ८ बिटांत केल्यास जोरकस आरंभ बराचसा ठीक वाटतो; परंतु घुमारा अखेरच्या काही पायऱ्यांवर येताच खरखरीत होतो व एकाएकी तुटतो. तंबोऱ्याच्या विरत्या नादाचीही हीच गत होते.

ध्वनी स्पंदांच्या संकेतांत बदलण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्‌झ या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३७ मध्ये पॅरिस येथे मांडली. दूरध्वनीच्या लांब मार्गांवर साचत जाणारा गोंगाट टाळणे हा तिचा हेतू होता. संगीताच्या मुद्रणासाठी जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेने १९६७ मध्ये १२ बिटांचे यंत्र बनविले. १९७२ मध्ये निप्पॉन कोलंबिया कंपनीने १३ बिटांचे, तर १९७६ मध्ये अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम यांनी १६ बिटांचे यंत्र वापरात आणले. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी फिलिप्सचा कल १४ बिटांकडे होता, तर सोनीचा आग्रह १६ बिटांचा होता. अखेर १६ बिट मान्य झाले व १९८२ मध्ये ही तबकडी जपानच्या बाजारात आली.

पायऱ्या वाढविणे हा एकच उपाय नव्हता. पुंजीकरणापूर्वी संकेतात अत्यल्प यादृच्छिक गोंगाट मिसळल्यास विकृती नाहीशी होऊन तिच्या जागी एकसारखी मंद सळसळ उरते आणि अखेरच्या पायरीखालचा स्वरही ऐकू येतो. डिदर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या युक्तीचे ध्वनिमुद्रणातील विवेचन कॅनडातील जॉन व्हँडरकॉय व स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये केले.

बिट-खोलीची निवड जुन्या मुद्रणांच्या जतनात विशेष महत्त्वाची ठरते. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खरखर १६ बिटांच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ मोठी असते. तरीही ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना प्रतिलेखनासाठी किमान २४ बिटांची शिफारस करते. ओरखड्यांचे अचानक उसळणारे आघात कापले जाऊ नयेत म्हणून पातळी खाली ठेवता येते आणि नंतरच्या संस्कारांतील गणनत्रुटी नगण्य राहतात. मूळ तबकडी झिजली अथवा फुटली, तर प्रतिलेखनात न उतरलेला तपशील पुढे बिट वाढवूनही परत मिळत नाही. घरगुती श्रवणास मात्र डिदरसह १६ बिट सामान्यतः पुरेसे होतात.