खारीचा वाटा

‘खारीचा वाटा’ हे शब्द आपण फार नम्रपणे वापरतो. गावच्या शाळेला दोन बाकडी दिली, पूरग्रस्तांसाठी पाचशे रुपयांची पावती फाडली, की म्हणायचं, आपला आपला खारीचा वाटा. सेतू बांधताना ओल्या अंगाला वाळू लावून ती दगडांच्या फटीत झटकणारी खार आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटं ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. पण गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या सांदवाडीत, पाडाला आलेल्या जामाच्या झाडाखाली उभं राहा. (जाम म्हणजे पेरू. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी हे सांगून टाकलेलं बरं.) खाली अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली असतात. बिया गेलेल्या, गर तसाच. हाही खारीचाच वाटा. फक्त तिनं दिलेला नव्हे, घेतलेला. आज या दुसऱ्या वाट्याच्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे.

पहिली गंमत म्हणजे सेतूवरच्या खारीची ही कथा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती नंतरची, लोकांची आणि भक्तांची. तमिळ आळवारांपैकी तोंडरडिप्पोडी यांच्या रचनेत वाळूत लोळून सेतूला मदत करणाऱ्या खारी येतात, तेलुगू रंगनाथ रामायणातही ही कथा आहे. तिथून ती देशभर पसरली. पट्ट्यांचा हिशेबही गमतीचा आहे. दक्षिणेतल्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात आणि उत्तरेतल्या खारीच्या पाठीवर पाच. कथेतली बोटं कुठे तीन, कुठे पाच होतात, ती बहुधा त्या त्या प्रदेशातली खार पाहूनच. मला वाटतं, या कथेनं खारीला एक अभयपत्र मिळवून दिलं. उंदराला गणपतीचं वाहन होऊनही ते मिळालं नाही; घराघरात उंदरांसाठी पिंजरे आहेतच. खारीसाठी पिंजरा लावणारं घर मात्र शोधावं लागेल.

अर्थात हे अभयपत्र सगळीकडे चाललं असं नाही. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं रंगवणाऱ्या चितेऱ्यांचे बारीक कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. आणि गलोल हातात असलेल्या दहा वर्षांच्या पोराला रामायण आठवतंच असंही नाही. तरीही ‘खारींचा बंदोबस्त’ हा गावाचा प्रश्न कधी झाला नाही. गावाला राखण करायची होती ती दुसऱ्यांपासून.

ही राखण फार जुनी. हालाच्या गाथासप्तशतीत भातशेती राखणाऱ्या स्त्रिया भेटतात. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, उसाच्या सावलीत बसून साळीचं शेत राखता राखता रघूचं यश गाणाऱ्या बायका आहेत. धानाच्या मुलखातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. दिवसा पोपटांचे थवे, रात्री रानडुकरं. त्यासाठी बांधीच्या कडेला माळा, हातात गोफण, शेजारी वाजवायला डबा, आणि थंडीतली जागल. घरातला एक माणूस कापणीपर्यंत शेताचाच होऊन जाई.

राखणीचे हक्कही ठरलेले होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात गारपगारी नावाच्या समाजाची नोंद आहे. नागपूरकडच्या मराठी मुलखात गारपीट अडवणं हे यांचं काम, आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्याचा हक्क. म्हणजे आभाळातून पडणाऱ्या गारांसाठीसुद्धा गावानं माणूस नेमला होता. झाडावरून उतरणाऱ्या खारीसाठी मात्र कोणाचा पगार ठरला नाही. तिची चोरी सांदवाडीतल्या फळांपुरती होती. सांदवाडी म्हणजे तरी काय? काट्यांचं कुंपण, मांडवावर वालाचे आणि दोडक्याचे वेल, कोपऱ्यात सांबार, जामाचं नाहीतर सीताफळाचं एखादं झाड. घरात खाऊन उरेल ते शेजारी, आणि शेजाऱ्यांकडून उरेल ते पाखरांना. खार राहायचीही घरातच, कवेलूंच्या फटीत कापूस-चिंध्या ओढून नेऊन. घरातल्याच्या खाण्याचा हिशेब कोण ठेवतो?

राज्यकर्ते मात्र असा हिशेब जुन्या काळापासून ठेवत आले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उंदीर फार झाले तर मांजरं आणि मुंगसं सोडावीत असं सांगितलं आहे, आणि पुढे ‘मूषिककर’ बसवावा असंही. म्हणजे प्रजेनं कर म्हणून उंदीर मारून द्यायचे! इंग्रजांनी याच कल्पनेला उलटं केलं. कर घेण्याऐवजी त्यांनी इनाम दिलं. आज ज्याला आपण गोंदिया जिल्हा म्हणतो, तो तेव्हा मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. त्या राजवटीत वाघ, बिबटे, लांडगे आणि विषारी साप मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. दुसरीकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यानं बंदूक परवान्याच्या कक्षेत आणली. शेत राखायचं तरी हातात काय घ्यायचं, हे आता साहेब ठरवू लागला.

त्याच सुमारास खुद्द साहेबाच्या देशात काय चाललं होतं, ते पाहण्यासारखं आहे. १८७६ साली चेशर परगण्यातल्या हेन्बरी इथं ब्रोकलहर्स्ट नावाच्या गृहस्थानं अमेरिकेतल्या करड्या खारी आपल्या बागेत सोडल्या. हौस म्हणून. पुढे इतर जमीनदारांनीही तीच हौस केली. करडी खार आपल्या खारीच्या कितीतरी पट जड, झाडांच्या साली सोलणारी, बागेतले कंद उकरून खाणारी. शिवाय तिच्याबरोबर आलेल्या देवीसारख्या रोगानं तिथल्या मूळच्या तांबड्या खारी पटापट मरू लागल्या. १९३७ साली करडी खार आणायला आणि पाळायला कायद्यानं बंदी घालावी लागली. १९५० च्या दशकात सरकारनं शेपटीमागे एक शिलिंग, नंतर दोन शिलिंग इनाम लावलं. लोकांनी लाखांनी शेपट्या जमा केल्या, सरकारनं पैसे मोजले, आणि खारी होत्या तितक्याच राहिल्या. १९५८ मध्ये इनाम बंद झालं. गंमत पुढे आहे. आयर्लंडच्या ज्या भागांत पाइन मार्टेन हा मुंगसासारखा लांबट शिकारी प्राणी परत आला, तिथं करड्या खारी आपोआप कमी झाल्या आणि तांबड्या परतल्या. कौटिल्याची मुंगसं शेवटी कामाला आली म्हणायची.

आपल्या खारीनंही परदेशात अशीच बदनामी मिळवली आहे. १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून पाच पट्ट्यांच्या भारतीय खारी बाहेर सोडल्या गेल्या. त्या तिथं वसल्या आणि बागांतली फळं खाऊ लागल्या. सेतू बांधणारी खार तिथल्या सरकारी कागदांत उपद्रवी परकी प्राणी ठरली. प्राणी तोच, सवयीही त्याच. इथं तिच्यामागे धामण आहे, शिक्रा आहे, मांजर आहे. आणि तिच्या बाजूनं एक गोष्ट आहे. तिथं यातलं फारसं काही नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरचा आपला इतिहास कायद्यांचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय राहिली. नागझिऱ्याचं अभयारण्य १९७० मध्ये आणि नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झालं. २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मधे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती: कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी. ही यादी २०२२ च्या दुरुस्तीनं गेली. खार त्या यादीत नव्हती. उलट पाच पट्ट्यांची खार संरक्षित प्राण्यांत मोडत होती. जंगलालगतच्या शेतकऱ्यांचं खरं भांडण रानडुकराशी आणि रोह्याशी. ते इतकं पेटलं की २०१६ साली अशा प्राण्यांना मारू देण्यावरून केंद्रातले दोन मंत्रीच जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. रानडुकरानं धान लोळवलं तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. ती किती आणि केव्हा हा वेगळा विषय. खारीनं जाम खाल्ले म्हणून कोणी तलाठ्याकडे जात नाही.

पण म्हणून तक्रार नाही असं समजू नका. सांदवाडीची जागा विक्रीच्या बागेनं घेतली, की एकेका फळाला भाव लागतो. ठिबकच्या नळ्या उन्हाळ्यात कुरतडल्या जातात, तेव्हा नुकसान फळाचं नसून कर्जाच्या हप्त्याचं असतं. अशा माणसाला रामाच्या बोटांची गोष्ट ऐकवणं हा त्याचा अपमान आहे. कवेलू जाऊन स्लॅब आले, तशी खारही घरातली राहिली नाही. बाहेरून येणारी झाली. बाहेरच्याच्या खाण्याचा हिशेब माणूस ठेवतो.

उपाय मात्र साधेच आहेत आणि ते मारण्याचे नाहीत. पपईच्या खोडाला माणसाच्या उंचीवर हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला, की नखं घसरतात. फक्त शेजारच्या फांद्या छाटायला विसरायचं नाही, नाहीतर ती वरून उडी मारते. नळ्यांजवळ मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं तर नळ्या वाचतात, असा काही शेतकऱ्यांचा अनुभव आहे. आणि जाम, सीताफळ, डाळिंब पाडाला येण्याआधी फळाला जुन्या लुगड्याची नाहीतर कागदाची पिशवी बांधायची. हे काम वेळखाऊ आहे. शिडी लागते, दोन माणसं लागतात, आणि खालच्या फांद्यांचं होईस्तोवर संध्याकाळ होते. शेंड्याकडची आठ-दहा फळं तशीच राहतात, कारण तिथवर हात पोचत नाही.