खडकीचे पाणी, वेरूळची वाट

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की शनिवार-रविवार जोडून कोठे तरी जाऊन यावे, असा विचार घरोघर निघतो. आणि महाबळेश्वराला कंटाळलेले कोणी तरी 'वेरूळ-अजिंठा' हे जोडनाव उच्चारते. बेत ठरतो तो ठरीव. मुंबईहून रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघावयाचे, पहाटे उतरावयाचे, एक दिवस अजिंठ्याला, एक दिवस वेरूळला, आणि मधली रात्र छत्रपती संभाजीनगरात काढावयाची. ज्या शहरात झोपावयाचे ते पाहावयाचे मात्र राहूनच जाते. चारशे वर्षांचे हे शहर म्हणजे लेण्यांच्या दारातली धर्मशाळा, अशीच आपल्या मंडळींची समजूत झालेली दिसते.

माझे म्हणणे असे की, दोनच दिवस हाती असतील तर अजिंठा खुशाल सोडून द्यावा. तो शंभर किलोमीटरांवर. त्याला निराळी सवड हवी. उलट शहरापासून वेरूळपर्यंतचा तीस किलोमीटरांचा रस्ता असा आहे की, त्यावर दख्खनच्या बाराशे वर्षांतली माणसे जागोजाग भेटतात. शनिवार शहराला द्यावा, रविवार या रस्त्याला.

शनिवारी सकाळी प्रथम पाणचक्की. बहुतेक लोक तेथे हौद पाहतात, मासे पाहतात आणि बाहेर पडतात. मुलांना जरा थांबवून विचारावे, हे पाणी येते कोठून? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. येथे येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळण्याकरिता ती बांधली. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणले, स्वतःच्याच दाबाने ते उंच भिंतीवर चढवले, आणि तेथून पडणाऱ्या धारेने जात्याखालचे पाते फिरवले. ना बैल, ना माणूस.

ही विद्या या गावाला तेव्हा नवी नव्हती. तिचा पाया शतकभर आधी मलिक अंबरने घातला होता. हबसाणात जन्मलेले हे मूल गुलाम म्हणून विकले गेले, बाजारामागून बाजार पाहत दख्खनमध्ये आले, आणि पुढे निजामशाहीचा सारा कारभार त्याच्या हाती आला. १६१० मध्ये त्याने खडकी या लहानशा गावाच्या जागी राजधानी वसवली. नावाप्रमाणेच खडकाळ जागा! तेथे लष्कर आणि बाजार नांदवायचा म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा. अंबरने डोंगराच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालीच गोळा केले, आणि नुसत्या उताराच्या बळावर बंदिस्त नहरीतून शहरात आणले. वाटेत दाब सांभाळण्यासाठी आणि वाटणीसाठी विटा-चुन्याचे मनोरे उभारले. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी जाळली. घरे जळाली, पण जमिनीखालचे पाणी कोण जाळणार? गाव पुन्हा उभे राहिले.

आज या शहराला पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून, सुमारे पन्नास किलोमीटरांवरून आणि तेही पंपांनी चढवून. इतके करूनही या शतकात कितीतरी वस्त्यांनी आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. ज्या गावात पाणी आपल्या पायांनी चालत येत असे, तेथे जुन्या नहरी बुजू द्याव्यात, त्यांवर घरे उठू द्यावीत, याला काय म्हणावे?

दुपारी भडकल दरवाजा पाहावा. तोही अंबरचाच, १६१२ चा, मोगलांवरील विजयाची खूण. मग बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. येथे येऊन ताजमहालाशी तुलना करण्याची आपल्याला खोडच आहे. ती आवरून दारावरचा लेख समजून घ्यावा. त्यात शिल्पकार अताउल्ला आणि बांधकामाचा जाणकार हंसपत राय अशी दोन नावे आहेत. बादशहांच्या इमारतींवर कारागिरांची नावे किती ठिकाणी सापडतात? संध्याकाळ हिमरूच्या शालींत आणि नान खलियात घालवावी. त्याला मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

रविवारी उजाडताच निघावे, म्हणजे देवगिरीचा चढ उन्हाआधी होतो. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन येथवर आला, आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानीच येथे हलवून गावाला दौलताबाद हे नाव दिले. हे सारे शाळेत झालेले असते. शाळेत फारसे सांगत नाहीत ते असे की, एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार होते. नाथांचे शिक्षण या तटांच्या आत झाले. अंधारी वाट चढताना मुले वटवाघळांना भ्यायली, तर हे सांगून पुढे न्यावे. विजेरी मात्र घरूनच आणावी.

पुढे खुलताबाद. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याला येथे आणून पुरले. मातीची उघडी कबर, वर छप्पर नाही. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. लोक ती पाहतात आणि परततात. त्याच गावात मलिक अंबरची घुमटदार कबर आहे, तेथे क्वचितच कोणी जाते. हा माणूस १६२६ मध्ये गेला. त्याने वसवलेल्या शहराला मुलाने, फतेहखानाने, फतेहनगर म्हटले; औरंगजेबाने औरंगाबाद केले; २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव झाले. अंबरचे नाव शहराला कधीच मिळाले नाही. ते उरले एका नहरीला: नहर-ए-अंबरी.

आणि संभाजी महाराजांचे नाव या वाटेला परके आहे असेही नव्हे. वेरूळ हे त्यांचे पणजोबा मालोजी भोसले यांचे गाव. तेथे भोसल्यांच्या गढीची जागा आहे. मालोजींचे चिरंजीव शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या रणात अंबरच्या बाजूने लढले, आणि त्याच लढाईत शहाजींचे धाकटे बंधू शरीफजी पडले. खडकी आणि वेरूळ यांचे नाते असे रक्ताने लिहिलेले आहे.

वेरूळला दुपारी तीनच्या सुमारास पोचावे. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्यामुळे कैलासावर ऊन तेव्हाच पडते. सकाळी येणाऱ्यांना सावलीच दिसते. (मंगळवारी लेणी बंद असतात, हे सुटी वाढवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) आधी अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे, आणि उरलेला सारा वेळ सोळाव्या लेण्याला द्यावा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचे, आठव्या शतकातले हे काम. चौतीसही लेणी पायांखाली घालण्याचा हट्ट धरू नये. कैलासाच्या बाजूने टेकडीवर जाणारी वाट मोकळी असेल, तर मुलांना प्रथम तेथे न्यावे आणि कळसाकडे वरून बघू द्यावे. कारण पाथरवटांनीही काम तेथूनच सुरू केले, आणि पाया अगदी शेवटी उघडा पडला.