पीएसए चाचणी
प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीत तयार होणाऱ्या पीएसए या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मोजणारी चाचणी. ते दर मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये सांगतात. ४ ही प्रचलित मर्यादा. मात्र तिच्याखाली प्रोस्टेटचा कर्करोग नाहीच आणि वर आहेच, असे मुळीच नाही. वयोमानाने वाढलेली ग्रंथी, जंतुसंसर्ग किंवा नुकतेच झालेले वीर्यस्खलन यांनीही आकडा चढतो. फिनास्टेराइड या औषधाने तो सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. निरोगी पुरुषांची सरसकट तपासणी करावी का, हा वाद मिटलेला नाही. काही मृत्यू टळतात. पण कधीच त्रास न देणाऱ्या संथ गाठींवरही उपचार होतात आणि त्यापायी मूत्रनियंत्रण व लैंगिक क्षमता गमावण्याची वेळ येते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी निर्णय व्यक्तीवर सोडला. सत्तरीपासून पुढे तपासणी नको, असे सुचवले. निश्चित निदान बायॉप्सीनेच होते.