ॲड्रिनर्जिक औषधे

शरीरातील ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन यांच्यासारखी क्रिया करणारी, त्यांचा साठा तंत्रिकांच्या टोकांतून मोकळा करणारी आणि, व्यापक अर्थाने, त्यांच्या क्रियेला अटकाव करणारी औषधे. अचानक घाबरल्यावर छातीत धडधडते, अंगावर काटा येतो, बाहुल्या विस्फारतात. हे सारे अनुकंपी तंत्रिका तंत्राचे काम असून ही औषधे त्याच यंत्रणेत हात घालतात.

अधिवृक्क ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब चढतो हे ऑलिव्हर व शेफर यांनी १८९४-९५ च्या सुमारास दाखवले. ताकामिने यांनी शुद्ध ॲड्रिनलिनचा शोध १९०१ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९०४ मध्ये श्टोल्त्स यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. रचना आणि क्रिया यांचे नाते पद्धतशीरपणे पहिल्यांदा तपासले ते बार्जर व डेल यांनी, १९१० मध्ये. मात्र एकच द्रव्य एका ठिकाणी रक्तवाहिनी आवळते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल करते, हे कोडे १९४८ पर्यंत नीट सुटले नव्हते. त्या वर्षी रेमंड अल्क्विस्ट यांनी अल्फा व बीटा असे दोन प्रकारचे ग्राही, म्हणजे द्रव्य जिथे बसून क्रिया घडवते त्या जागा, मानले. त्यांचा निबंध एका नियतकालिकाने आधी परत पाठवला होता. आज औषधशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक त्या विभागणीशिवाय पुढे सरकत नाही.

पुढे या दोन्हींचे उपप्रकार पडले. अल्फा-१ ग्राही रक्तवाहिन्या आवळतात. अल्फा-२ बव्हंशी लगामाचे काम करतात : तंत्रिकेच्या टोकावर बसून नॉरॲड्रिनलिनचा पुढचा स्राव रोखतात. बीटा-१ हृदयाची गती व जोर वाढवतात, तर बीटा-२ श्वासनलिका सैल करतात. औषध कोणत्या ग्राहीला किती धरते, यावरच त्याचा उपयोग आणि उपद्रव दोन्ही ठरतात.

रचना : मूळ सांगाडा साधा आहे. बेंझिनचे एक वलय, त्याला जोडलेली दोन कार्बनांची साखळी आणि साखळीच्या टोकाला नायट्रोजनयुक्त अमाइन गट. ॲड्रिनलिनच्या वलयावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. या जोडीला कॅटेकॉल म्हणतात. साखळीवरही एक हायड्रॉक्सिल असतो. तो कोणत्या बाजूला वळलेला आहे याला फार महत्त्व आहे. शरीरात तयार होणारे वामवलनी ॲड्रिनलिन हे आरशातल्या प्रतिमेसारख्या आपल्या दक्षिणवलनी जुळ्यापेक्षा रक्तदाबावर दहा पटींहून अधिक प्रभावी ठरते.

नायट्रोजनवर काय बसवले आहे, हा सर्वांत बोलका बदल. तिथे फक्त हायड्रोजन असले की नॉरॲड्रिनलिन : अल्फा व बीटा-१ वर जोरदार, बीटा-२ वर दुबळे. एक मिथिल गट आला की ॲड्रिनलिन : दोन्ही घराण्यांवर प्रभावी. त्याऐवजी आयसोप्रोपिल बसवला की आयसोप्रिनलिन : अल्फाकडे जवळजवळ पाठ, बीटावर सारा भर. नायट्रोजनवरचा गट भारदस्त होत जातो तसा कल बीटाकडे सरकतो.

कॅटेकॉल ही या औषधांची ताकद आहे आणि दुखणेही. ग्राहीला घट्ट धरण्यात तिचा मोठा वाटा. पण आतडे व यकृत यांतील एंझाइमे तिच्यावरच घाला घालतात, म्हणून ॲड्रिनलिन गिळून उपयोग नाही. हवा व उजेड यांनीही ती बिघडते. ॲड्रिनलिनच्या काचकुपीतले पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसले, तर ती वापरायची नसते.

यावरचा सर्वांत चलाख तोडगा म्हणजे साल्ब्युटामॉल. आयसोप्रिनलिनच्या फवाऱ्याने दमा थांबे, पण हृदयही उधळे आणि परिणाम लवकर ओसरे. साल्ब्युटामॉलमध्ये कॅटेकॉलमधला एक हायड्रॉक्सिल काढून तिथे हायड्रॉक्सिमिथिल ठेवला आणि नायट्रोजनवर जाडजूड टर्शरी-ब्युटिल बसवला. कॅटेकॉल ओळखणाऱ्या एंझाइमाला हा रेणू ओळखू येत नाही, ग्राहीला मात्र येतो. परिणाम चारेक तास टिकतो, भर बीटा-२ वर राहतो आणि गोळीही लागू पडते. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ते बाजारात आले. तरीही जास्त मात्रेनंतर हातातली कपबशी वाजू लागते. हा कंप स्नायूंतल्या बीटा-२ ग्राहींमुळेच येतो, त्यामुळे औषध कितीही नेमके केले तरी तो पुरता टळत नाही.

वलयावरचे दोन्ही हायड्रॉक्सिल काढले की रेणू मेदात सहज विरघळतो आणि मेंदूत शिरतो. एफेड्रिन व ॲम्फेटामिन या जातीची. साखळीवरच्या जादा मिथिल गटामुळे ती लवकर मोडली जात नाहीत. त्यांचे बरेचसे काम आडून चालते, म्हणजे साठवलेले नॉरॲड्रिनलिन बाहेर ढकलून. म्हणून लागोपाठ मात्रा दिल्या की परिणाम घटत जातो. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन या सांगाड्यात बसत नाही. ते इमिडाझोलिन कुळातले. त्याचे थेंब आठवड्याहून जास्त दिवस घातले तर नाक उलट अधिकच चोंदते.

अटकाव करणारी औषधेही याच सांगाड्यातून निघाली. आयसोप्रिनलिनच्या वलयावरच्या दोन्ही हायड्रॉक्सिलांच्या जागी क्लोरिन घातल्यावर रेणू ग्राहीत बसतो, पण त्याला पुरता चेतवत नाही, हे १९५८ मध्ये दिसले. जेम्स ब्लॅक यांनी तो धागा पकडून प्रोप्रॅनोलॉलपर्यंत मजल मारली. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या औषधांपैकी कोकणावर सर्वांत जास्त ऋण आहे ते प्राझोसिनचे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते, फुफ्फुसात पाणी भरते. अल्फा-१ ग्राही अडवणारे प्राझोसिन मुळात रक्तदाबावरचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात ते विंचूदंशावर वापरले, आणि अशा रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.