अपस्माराच्या प्रतिमा आणि नांदेडची विष्णुपुरी

अपस्माराच्या संशोधनात अभियंत्यांचा शिरकाव झाला तो मेंदूच्या विद्युत आलेखामुळे, म्हणजे ईईजीमुळे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी टिपला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. फेफऱ्याचा उगम मेंदूत आहे, याचा कागदावर उमटणारा पुरावा त्यानंतर मिळू लागला.

१९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. भारतात या यंत्राने एक कोडे उभे केले. फिट आलेल्या पुष्कळ रुग्णांच्या स्कॅनमध्ये एकच लहान ठिपका दिसे आणि काही महिन्यांत तो आपोआप नाहीसा होई. क्षयाची गाठ समजून अशा रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९९१ च्या सुमारास उलगडा झाला: त्यांतले बहुतेक डुकरातील पट्टकृमीच्या मरणाऱ्या अळीमुळे झालेले होते. यंत्राने दाखवले ते खरेच होते. त्याचा अर्थ लावताना डॉक्टर चुकले होते.

संगणकी विश्लेषणालाही हीच अडचण आली. जर्मनीतील बॉन विद्यापीठाने २००१ मध्ये ईईजीचे ५०० तुकडे खुले केले. प्रत्येक तुकडा २३.६ सेकंदांचा, आणि सगळे मिळून पाच निरोगी व्यक्तींचे व पाच रुग्णांचे. भारतातील अभियांत्रिकीच्या कित्येक प्रबंधांनी याच संचावर जवळजवळ शंभर टक्के अचूकता दाखवली. दहा माणसांच्या निवडक, स्वच्छ नोंदींवरचे हे यश वॉर्डातल्या रुग्णाच्या कामाला क्वचितच आले.

नांदेडमध्ये वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकी विश्लेषणाची सुरुवात मेंदूऐवजी डोळ्यापासून झाली. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील, म्हणजे १९८१ साली स्थापन झालेल्या एसजीजीएसमधील, प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचडे, मनेश कोकरे आणि सहकाऱ्यांनी नांदेडच्याच एका नेत्ररुग्णालयातील मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाची ५१६ छायाचित्रे घेऊन ‘आयडीआरआयडी’ हा संच तयार केला. त्यांतील ८१ चित्रांत प्रत्येक बिघाडाची हद्द तज्ज्ञांच्या मदतीने आखलेली आहे. २०१८ मध्ये या संचावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि जगभरचे संशोधक नांदेडची चित्रे वापरू लागले. २०२१ मध्ये ३,२०० चित्रांचा ‘आरएफएमआयडी’ हा संच आला. गणिती रीती दर दोन वर्षांनी बदलतात. आखलेली चित्रे टिकतात. या कामाचे खरे मोल त्या कंटाळवाण्या आखणीत आहे.

मुदखेड जंक्शनहून नांदेड वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुदखेडसारख्या गावांतल्या मुलामुलींना अपस्माराच्या संशोधनाची वाट एसजीजीएससारख्या संस्थेतून मिळू शकते. प्रतिमा-विश्लेषणाचे शिक्षण डोळ्यावर झाले तरी ते एमआरआयला चालते. मेंदूच्या प्रतिमांसाठी मात्र रुग्णालयाशी जोड लागते. १९८८ साली सुरू झालेले नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज विष्णुपुरीतच आहे.